काजू-लिंबाच्या पानातली अळी आणि तिला टिपणारी गांधील : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काजूच्या कोवळ्या पानांवर राखाडी फोड आलेत. हा करपा आहे का?

पान उजेडाकडे धरा. फोडाच्या आत काळसर विष्ठेचे कण दिसले आणि वरचा पापुद्रा नखाने सहज सुटला, तर तो करपा नाही, पाने पोखरणारी अळी आहे. काजूवर ती ॲक्रोसरकॉप्स सिंग्रामा या चंदेरी-करड्या, जेमतेम दिसेल एवढ्या पतंगाची असते. हाच पतंग आंब्याच्या पालवीवरही येतो. अळी पानाच्या वरच्या सालीखालचा हिरवा गर खाते. साल सुटून आत हवा शिरते, म्हणून तो भाग पांढुरका दिसतो. पान जून झाले की हे फोड वाळून गळतात आणि पानाला भोके पडतात. भोके दिसू लागल्यावर अनेकजण पंप काढतात. तोवर अळी पान सोडून गेलेली असते.

लिंबाच्या पानावरची नागमोडी चांदीची रेघही त्याच अळीची का?

नाही, ती फिलोक्निस्टिस सिट्रेला. तिचे शास्त्रीय वर्णन 1856 साली कोलकात्याच्या नमुन्यांवरून झाले, म्हणजे कीड आपल्याच भागातली. ती फोड करत नाही, बोगदा काढत जाते आणि मधोमध विष्ठेची एक बारीक काळी रेघ सोडते. शेवटी पानाची कड दुमडून तिथेच कोष करते. काजूची अळी मात्र पुरती वाढली की तांबूस होते, पान फाडून बाहेर पडते आणि जमिनीवर उतरून पातेऱ्यात-मातीत कोष करते. हा फरक लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच उत्तरांत तो लागेल.

टोमॅटो, वाल, चवळीच्या पानांवरची नागअळी बहुतेक वेळा पतंगाची नसतेच, माशीची असते. तिला डोक्याचे कवच नसते, पाय नसतात, आणि बोगद्यात विष्ठा दोन्ही कडांना आलटून-पालटून पडते. टोमॅटोवर मात्र 2014 पासून महाराष्ट्रात टुटा हा पतंगही आला आहे. त्याचा बोगदा नागमोडी राहत नाही, मोठा चट्टा होतो.

अळी पानाच्या दोन पापुद्र्यांत बंद असते. गांधील तिच्यापर्यंत पोचते कशी?

आधी आकाराची कल्पना करा. ही गांधील म्हणजे छपराला पोळे लावणारी नव्हे. ती 1 ते 3 मिलिमीटरची, म्हणजे मोहरीच्या दाण्याच्या आसपास असते. बऱ्याच जातींच्या अंगावर हिरवी-निळी धातूसारखी झाक असते. पाने पोखरणाऱ्या अळ्यांवर येणाऱ्या बहुतेक जाती युलोफिडी कुळातल्या आहेत, थोड्या ब्रॅकोनिडी आणि एन्सिर्टिडी कुळातल्या.

पोखरलेल्या पानाचा वास न पोखरलेल्या पानापेक्षा वेगळा असतो. मादी दुरून त्या वासावर येते. जवळ आल्यावर बोगदा डोळ्यांनीही दिसतो. पानावर उतरली की ती दोन्ही मिशा टपटप आपटत चालते. अळी आत चरत असली की पानाला बारीक कंप सुटतो, तो तिच्या पायांना जाणवतो. मध्येच ती थबकते, पोट वाकवते आणि अंडी घालायची सुई पापुद्र्यातून आत खुपसते. पहिल्याच खुपशीत अळी सापडेल असे नाही. दोन-चार ठिकाणी टोचून पाहते, कारण अळीलाही वरचे चालणे-टोचणे कळते. फोडात जागा असली तर ती अंग आखडते, वळवळते, दुसऱ्या टोकाला सरकते. नागमोडी बोगद्यातल्या अळीला पळायला जागा कमी, पण तिथे गांधीलच फसू शकते: रेघेच्या जुन्या, रिकाम्या टोकाकडे चालत गेली की शोध वाया जातो.

सुई लागल्यावर अळीचे नेमके काय होते?

इथे गांधिलींचे दोन पंथ आहेत.

पहिल्या पंथातली मादी विष टोचून अळीला लुळी करते. अळी मरत नाही आणि लगेच कुजतही नाही, पण तिचे हलणे, खाणे, वाढणे तिथेच थांबते. मग मादी तिच्या अंगावर किंवा शेजारी अंडे घालते. एक-दोन दिवसांत अंड्यातून निघालेला पांढुरका, बिनपायांचा किडा अळीला बाहेरून चिकटतो आणि शोषून तिची रिकामी कातडी उरवतो. नंतर पोटातला सगळा मळ एकदाच टाकून तो तिथेच उघडा कोष करतो, रेशीम नाही, आवरण नाही. कोषाभोवती मळाचे काळे मणी पडलेले दिसतात. काही जातींत ते खांबांसारखे उभे राहून वरचा पापुद्रा कोषावर दबू देत नाहीत. कोकणातल्या ऊबदार हवेत अंड्यापासून गांधील बाहेर पडेपर्यंत साधारण 10 ते 16 दिवस लागतात. सिम्पिएसिस आणि सिरोस्पिलस या वंशांतल्या जाती अशा वागतात. लिंबावरच्या अळीवर भारतात आढळणारी सिट्रोस्टिकस फिलोक्निस्टॉइडिस ही बारीक जातही अळीला बाहेरूनच खाते.

दुसऱ्या पंथातली मादी अळीला चालू ठेवते. अंडे तिच्या अंगात घालते आणि अळी वरवर नेहमीसारखी खात राहते. चेलोनस ही गांधील तर पतंगाच्या अंड्यातच आपले अंडे घालते; अळी बाहेर येते, वाढते, कोष करायला निघते, तेव्हा आतला किडा तिला संपवतो. असे अंडे पडलेली अळी पानाचे नुकसान थांबवत नाही, हे सांगून ठेवायला हवे. तिचा फायदा पुढच्या पिढीत दिसतो, कारण पतंगच निघत नाही.

एजेनिॲस्पिस सिट्रिकोला या आग्नेय आशियातल्या जातीची तऱ्हा आणखी निराळी. एका अंड्याचे अनेक भ्रूण होतात आणि लिंबावरच्या अळीच्या कोषघरात गांधिलींचे कोष माळेसारखे ओळीने सापडतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात ही कीड 1993 मध्ये पोचली आणि 1994 मध्ये ऑस्ट्रेलियामार्गे ही गांधील तिथे नेऊन सोडली गेली. दमट हवेत ती चांगली चालते, कोरड्या हवेत मागे पडते.

फोड उघडला तर आत मेलेली अळी आहे, पण गांधिलीचे अंडे-किडा काही नाही. औषधाने मेली का?

फवारणी केली नसेल तर तो बहुधा गांधिलीचाच हात आहे. मादीला अंडी पिकवायला प्रथिने लागतात. त्यासाठी ती अळीला टोचते, जखमेतून येणारा रस पिते आणि अंडे न घालता निघून जाते. अशी अळी तपकिरी, सुरकुतलेली होऊन तिथेच वाळते. अंडी घालून मारलेल्या अळ्यांहून रस पिऊन मारलेल्या अळ्या जास्त भरणे, हे युलोफिडी कुळात नवल नाही. हिशेबात त्या धरल्या नाहीत तर गांधिलीचे निम्मे काम तुम्ही पुसून टाकता.

मुंगी, कोळी किंवा क्रायसोपाची (जाळीदार पंखांच्या शिकारी कीटकाची) अळी यांनी मारले असेल तर पापुद्रा फाटलेला दिसतो. गांधिलीच्या सुईचे भोक नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

कोणत्या अळ्यांवर ती अंडी घालते?

अगदी बारीक अळीवर अंडे घालत नाही, तिचा रस पिते. मध्यम आणि मोठ्या अळ्या अंड्यांसाठी. त्यातही निवड असते. गांधिलींत फलित अंड्यापासून मादी होते आणि अफलित अंड्यापासून नर, आणि कोणते घालायचे हे मादीच्या हाती असते. मोठ्या अळीवर ती मादीचे अंडे घालते, लहान अळीवर नराचे. म्हणून पालवीच्या सुरुवातीला, सगळ्या अळ्या बारीक असताना, गोळा केलेल्या नमुन्यातून नुसते नर निघाले तर घाबरू नका.

माझ्या बागेत गांधील काम करते आहे की नाही, हे कसे तपासायचे?

दहा पट मोठे दाखवणारे भिंग, एक टाचणी आणि वही एवढे पुरे.

फांदीच्या शेंड्याकडून तिसऱ्या ते सहाव्या पानांवरचे फोड घ्या. अगदी शेंड्याच्या पानात अळी एवढी लहान असते की गांधील तिथे अजून पोचलेली नसते, आणि जून पानातले फोड रिकामे. झाडाच्या चारही बाजूंनी, दहा झाडांवरून मिळून 50 फोड काढा. सर्वांत खराब दिसणारे पानच तोडायचा मोह होतो, तो आवरा. जिथे गांधील नाही तिथेच नुकसान जास्त असते आणि आकडा खोटा येतो.

टाचणीने पापुद्रा एका कडेने उचला आणि आत काय आहे ते लिहा. जिवंत अळी पिवळट-पारदर्शक असते आणि टोचली की हलते. लुळी अळी तशीच दिसते पण हलत नाही. तिच्या अंगावर किंवा बाजूला तांदळाच्या कणीसारखे अंडे भिंगातून शोधा. चिकटलेला किडा ओळखायला सोपा, अळीच्या अंगावर फुगीर थेंब बसल्यासारखा दिसतो. गांधिलीचा कोष आधी फिकट आणि लाल डोळ्यांचा, मग काळा. सुरकुतलेली मेलेली अळी वेगळी लिहा.

समजा 50 पैकी 9 फोड रिकामे निघाले. ते सोडा. उरलेल्या 41 पैकी 18 जिवंत, 9 गांधिलीसकट, 14 सुरकुतलेल्या. म्हणजे 41 पैकी 23, साधारण 56 टक्के अळ्या आटोपल्या. अशा बागेत फवारणी करणे म्हणजे कामावर आलेल्या गड्याला परत पाठवणे. एक चतुर्थांशही मेलेल्या नसतील, जिवंत अळ्या बारीक असतील आणि पालवी अजून फुटत असेल, तर हालचाल करावी. हा आकडा काटेकोर उंबरठा नाही, ठोकताळा आहे. चेलोनससारखी अंगातली गांधील या मोजणीत दिसत नाही, म्हणून खरा आकडा थोडा वरच असतो.

डब्यात पाने ठेवून गांधिली बाहेर काढल्या तर जास्त खात्री होईल ना?

होईल, पण कोकणातल्या दमट हवेत हा प्रयोग बहुतेक वेळा बुरशीने फसतो. पद्धत अशी: पाने देठासकट तोडा. ओल्या कापडाने पुसून मावा, पिठ्या ढेकूण, सायला या रस शोषणाऱ्या किडीची पिल्ले काढून टाका, नाहीतर त्यांच्या गांधिली निघतील आणि तुम्ही त्या या अळीच्या खात्यात लिहाल. देठाला ओला कापूस गुंडाळा. रुंद तोंडाच्या डब्यात तळाला टिश्यूचे दोन थर, काजूची पाने असतील तर त्याऐवजी दोन बोटे कोरडी चाळलेली माती, कारण अळी कोष करायला खाली उतरणार. एका डब्यात 10-12 पाने, एकावर एक दाबून नाहीत. तोंडाला मलमलचे फडके रबराने बांधा. डासांची जाळी चालत नाही, तिच्यातून गांधील सहज निघून जाते. सावलीत ठेवा, डब्याच्या आतल्या बाजूला दव दिसले की फडके बदला. तीन आठवड्यांनी गांधिली आणि पतंग वेगवेगळे मोजा.

पान दोन दिवसांत वाळले तर बारीक अळ्या उपाशी मरतात. त्या गांधिलीने मारल्या असे समजू नका. एन्सिर्टिडी कुळातल्या काही जातींत एका अळीतून अनेक गांधिली निघतात, म्हणून 20 गांधिली म्हणजे 20 अळ्या असे समीकरण मांडू नये.

झाडावरचेच पान पाहून पतंग निघाला की गांधील, हे सांगता येते का?

येते. फोडाच्या किंवा बोगद्याच्या छतात टाचणीने टोचल्यासारखे गोल, स्वच्छ कडांचे भोक असेल तर गांधील बाहेर पडली. लिंबाच्या दुमडलेल्या कडेतून कोषाची रिकामी तपकिरी साल अर्धी बाहेर लोंबत असेल तर पतंग. काजूच्या फोडाला चीर किंवा फाटलेली कड असेल तर अळी स्वतः उतरून गेली.

या गांधिली विकत मिळतात का? ट्रायकोकार्ड लावले तर?

पाने पोखरणाऱ्या अळीच्या गांधिली आपल्याकडे ट्रायकोकार्डासारख्या (बारीक गांधिलींची पिल्ले आत असलेली अंडी चिकटवलेला कागद) सर्रास विकत मिळत नाहीत. युरोपात डिग्लिफस इसिया ही जात काचघरांसाठी विकतात, पण ती नागअळीच्या माशीवर चालते. ट्रायकोकार्डातली ट्रायकोग्रामा पतंगाच्या अंड्यावर बसते, पानात शिरलेल्या अळीला हात लावत नाही. फोड दिसल्यावर कार्ड लावणे वाया. नारळावरच्या काळ्या डोक्याच्या अळीसाठी गोनिओझस आणि ब्रॅकॉन सोडतात ते पाहून हा प्रश्न येतो. पण ती अळी झावळीखाली जाळे करून राहते, पानाच्या आत नाही, आणि त्या गांधिली मुद्दाम वाढवता येतात.

काजू-लिंबासाठी सोडायचे नाही, राखायचे आहे. लिंबावरच्या एकट्या अळीवर जगभरात 80हून अधिक जातींचे परोपजीवी नोंदले गेले आहेत, आणि त्यातले बरेच इतर झाडांवरच्या पानपोखऱ्या अळ्यांवरही जगतात. गडग्यावरचा (बागेच्या दगडी कुंपणावरचा) करंज, जांभूळ यांच्या पानांतही अशा अळ्या असतात. काजूला पालवी नसते तेव्हा गांधिलीला तिथे थारा मिळतो. गडगा साफ करताना ही झाडे मुळापासून काढू नका. कवळ (हिरव्या पानांच्या फांद्या) तोडायची असेल तर एका वर्षी सगळी तोडू नका.

त्यांना खायला काय लागते?

गोड रस. मादीला साखर मिळाली तर ती काही आठवडे जगते, नाहीतर दोन-तीन दिवसांत संपते. बडीशेप, कोथिंबिरीची फुले उथळ असल्याने तिचे तोंड तिथे पोचते. चवळीच्या फुलांपाशी आणि देठांपाशी, एरंडाच्या देठावर फुलाबाहेरच्या रसग्रंथी असतात. काजूलाही त्या आहेत. भातानंतर बागेच्या कडेला चवळीच्या दोन ओळी पेरणे एवढे पुरते. त्या रसावर मुंग्याही येतात आणि गांधिलीला हुसकतात, ती अडचण आहेच. तरी चवळी असलेली बरी.

फवारणी करावीच लागली तर काय, कधी?

फळावर आलेले काजूचे किंवा लिंबाचे मोठे झाड या अळीने मरत नाही आणि बहुधा उत्पन्नही फारसे घटत नाही. काळजी करायची ती रोपवाटिकेची आणि पहिल्या तीन वर्षांतल्या कलमांची, कारण त्यांची पाने मोजकीच. लिंबाला दुसरे कारण आहे: पोखरलेल्या जागेतून खैऱ्या या खपल्या आणणाऱ्या रोगाचे जिवाणू सहज शिरतात आणि पावसाच्या सडाक्याने पसरतात. मृगानंतर फुटणाऱ्या लिंबाच्या पालवीत अळी आणि खैऱ्या जोडीने येतात.

तिथे 5 टक्के निंबोळी अर्क वापरा. 5 किलो निंबोळीचा चुरा 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, वेगळ्या 1 लिटर पाण्यात विरघळवलेला 200 ग्रॅम साबणाचा चुरा मिसळा आणि एकूण 100 लिटर करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पालवी दोन-तीन बोटांची असताना फवारा. अर्क अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीवर चालतो, मोठ्या अळीपर्यंत पोचत नाही. आठवडाभराने पुन्हा एकदा. जुनी, बुरशी आलेली निंबोळी वापरली की अर्क नुसता हिरवा वास देतो आणि लोक निंबोळीला नावे ठेवतात.

लिंबाचे पाणसोट (सरळ, जोमाने वाढणारे निरुपयोगी फुटवे) काढा, नत्र एकदम देऊ नका. पालवी एकाच वेळी फुटून लवकर जून झाली की अळीला मुदतच कमी मिळते.

बागेत कोणते औषध गांधिलीला सर्वांत घातक?

लॅम्डा सायहॅलोथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे. पानावर फिरणारी गांधील त्यांच्या अंशानेही मरते, पापुद्र्याखालची अळी मात्र वाचते. म्हणून फवारणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी फोड वाढलेले दिसतात आणि माणूस दुसरा पंप भरतो. भुरीसाठी मारलेले गंधकही बारीक गांधिलींना सोसत नाही. खैऱ्यासाठीचे ताम्रयुक्त औषध त्या मानाने सौम्य.

तोडलेल्या पालवीचे काय करायचे? जाळावी का?

जाळली तर पानातल्या गांधिलीही जळतात. काजूची पोखरलेली पाने टोपलीत पसरून टोपली साबणाच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यावर विटांवर ठेवा, झाडांच्या सावलीतच. कोष करायला उतरणाऱ्या अळ्या पाण्यात पडतात, गांधिली वर उडून जातात. दोन आठवड्यांनी पाने खताच्या खड्ड्यात. लिंबाच्या पानांना ही युक्ती लागू नाही, तिथे पतंगही पानातूनच निघतो.

पातेऱ्याचे गणित जरा वेगळे. काजूखालच्या पातेऱ्यात पतंगाचे कोष असतात आणि चेलोनससारख्यांचेही. पेटवला तर दोन्ही जातात, वर ओलावाही जातो. वणव्याची भीती असेल तिथे कडेने पट्टा साफ करा, झाडाखालचा राहू द्या. कोंबड्या सोडल्या तर त्या उकरून कोष खातात, पण कोणाचा कोष ते त्या पाहत नाहीत.

काजूवर ढेकण्यासाठी फवारणी टाळता येत नाही. मग गांधील राखायची कशी?

ढेकण्या म्हणजे टी मॉस्किटो हा रस शोषणारा ढेकूण, तो पालवी आणि मोहोर दोन्ही वाळवतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पण पालवीवरची पहिली फवारणी सगळ्या बागेवर सरसकट करू नका. ढेकण्याचे तेलकट काळे डाग कोवळ्या देठांवर दिसतात, तीच झाडे आणि त्यांच्या शेजारची फवारा. दर पाच-सहा ओळींमागे एक ओळ न फवारता कोरडी सोडली तर गांधिली तिथे तग धरतात आणि औषध उतरल्यावर परततात. फवारणीच्या आदल्या दिवशी 50 फोडांची मोजणी करा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा करा. कोरड्या ओळीचे आकडे वहीत वेगळ्या पानावर लिहा.

ही गांधील माणसाला चावते का?

नाही. तिची सुई आपल्या कातडीत शिरत नाही.